उचलणं म्हणजे नर्सिंग नव्हे

"उचलूक येणा नाय, तर ती नर्स कसली?" मालवण किनाऱ्यावर हे वाक्य आता निकालासारखं फिरतं. जीएनएम या नर्सिंगच्या अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला असताना मोटारसायकलवरून पडलेली मुलगी असो, रुग्णाला खाटेवरून ट्रॉलीवर घेताना कमरेत चमक भरलेली वॉर्डातली सिस्टर असो, की लहानपणी पाठीला मार बसलेली आणि बारावीनंतर नर्सिंगचा अर्ज भरू पाहणारी विद्यार्थिनी असो, तिघींना एकच सल्ला मिळतो. सोडून दे, तुका झेपाचा नाय. हा सल्ला शेजारीण देते, मामा देतो, कधी खुद्द डॉक्टर देतात. सगळ्यात वाईट म्हणजे ज्यांनी आयुष्यभर वॉर्ड सांभाळले, अशा ज्येष्ठ सिस्टरही तो देतात. मी या सिंधुदुर्ग जिल्ह्यात परिचारिका म्हणून काम केलं आहे. माझ्या कण्यातली एक चकती सरकलेली आहे आणि हा सल्ला मलाही मिळाला होता. मी तो मानला नाही. पण माझी कहाणी सांगण्यासाठी हा लेख नाही. मला त्या सल्ल्याचीच झाडाझडती घ्यायची आहे, कारण या किनाऱ्यावरच्या चांगल्या मुलींना तोच घरी बसवतो आहे.

आधी समोरच्यांचं म्हणणं त्यांच्या पूर्ण जोरासकट मांडते. ते म्हणतात, नर्सिंग हे अंगमेहनतीचं काम आहे. रुग्णाला उठवायचं, वळवायचं, बेडपॅन द्यायचं, ट्रॉलीवर घ्यायचं, हे ज्या पाठीला जमत नाही तिने या धंद्यात येऊच नये. दुसरं, अशा नर्सच्या हातून रुग्ण पडला तर जबाबदार कोण? तिसरं, तिच्या वाट्याचं काम बाकीच्या सिस्टरना ओढावं लागतं, हा त्यांच्यावर अन्याय आहे. चौथं, हे सगळं तिच्याच भल्यासाठी सांगतो आहोत, कारण आज चकती सरकली, उद्या लुळी पडेल. आणि शेवटचं, जे मोठ्याने कोणी बोलत नाही पण मनात सगळ्यांच्या असतं: धडधाकट मुली रांगेत उभ्या असताना हिचे लाड कशाला?

ऐकायला हे सगळं व्यवहारी वाटतं, पण एकेक मुद्दा हातात घेतला तर त्यातला एकही टिकत नाही.

मजबूत पाठीपासूनच सुरुवात करू. रुग्ण उचलण्याइतकी मजबूत पाठ नेमकी कोणाची असते? २००७ साली अमेरिकेतल्या 'नियॉश' या कामगार-आरोग्याच्या सरकारी संशोधन संस्थेतले थॉमस वॉटर्स यांनी याचा हिशेब मांडला. रुग्ण सहकार्य करत असेल, जागा पुरेशी असेल, तरी हाताने उचलायचा भार ३५ पौंड, म्हणजे साधारण १६ किलोच्या वर जाऊ नये, असं त्यांनी सांगितलं. सत्तर किलोच्या माणसाचा नुसता एक पाय अकरा किलोच्या आसपास भरतो. त्यावर प्लास्टर चढलं की तो पाय धरून ठेवतानाच आपण मर्यादेला टेकतो. मग अख्खा माणूस उचलण्याची गोष्ट कोणत्या पाठीच्या भरवशावर चालली आहे?

त्याआधी, १९९९ साली, ओहायो स्टेट विद्यापीठात विल्यम मारास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्ण हलवताना कण्यावर येणारा भार प्रत्यक्ष मोजला होता. प्रयोगातला रुग्ण अवघा पन्नास किलोचा आणि सांगितलेलं ऐकणारा होता. आपल्या वॉर्डात असतो तसा दारू उतरताना हातपाय झाडणारा किंवा शस्त्रक्रियेनंतर गुंगीत असलेला नव्हता. तरी निष्कर्ष असा निघाला की एकटीने उचलणं तर धोक्याचं आहेच, दोघींनी मिळून उचललं तरी धोका राहतो. म्हणजे ज्या कामासाठी दुखापत झालेल्या मुलीला नालायक ठरवलं जातं, त्या कामासाठी धडधाकट मुलगीही लायक नाही. फरक इतकाच की तिची पाठ अजून गेलेली नाही.

"वाकायची पद्धत चुकते म्हणून होतं," असं यावर सांगितलं जातं. गुडघ्यात वाका, कंबर सरळ ठेवा, वजन अंगाशी घ्या, हे पाठ आम्हीही गिरवले. २००८ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये या शिकवणीचा लेखाजोखा प्रसिद्ध झाला. नुसतं उचलण्याचं प्रशिक्षण दिल्याने पाठदुखी टळते याला पुरावा सापडला नाही. साहजिक आहे. खाटेची उंची बदलता येत नाही, दोन खाटांमध्ये धड उभं राहायला जागा नाही, मदतीला मावशी नाही, अशा ठिकाणी 'योग्य पद्धत' वापरायची कुठे? तरीही पाठ गेली की दोष तिच्या वाकण्याला दिला जातो. खाटेला, जागेला, रिकाम्या पदांना कोणी दोष देत नाही.

वजनाला मर्यादा हवी, हा विचार जुना आहे. १९४८च्या कारखाने कायद्याने चौतिसाव्या कलमात कामगाराने किती वजन उचलावं याची कमाल मर्यादा ठरवण्याचा अधिकार राज्य सरकारांना दिला होता. गिरणीतल्या गासडीबद्दल हा विचार स्वातंत्र्याच्या दुसऱ्या वर्षी झाला. वॉर्डातल्या सिस्टरने किती किलोचा माणूस उचलावा, हे आजही कोणी विचारत नाही. ब्रिटनने १९९२ साली नियम करून धोक्याची हातउचल शक्य तिथे टाळण्याची जबाबदारी मालकावर टाकली. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात परिचारिकांच्या संघटनेने १९९८ साली 'उचलणं बंद' हे धोरण पुढे आणलं. अमेरिकेत टेक्सासने २००५ साली त्यासाठी कायदा केला. तिथल्या परिचारिकांना काही पोलादी कणे नव्हते. तिथे उचलण्याच्या कामासाठी यंत्रं, सरकत्या चादरी आणि उंची बदलणाऱ्या खाटा आणल्या गेल्या. आपण मात्र ते काम बाईच्या कमरेवर ठेवलं आणि कंबर मोडली की बाई बदलली.

इथे एक भावनिक युक्तिवाद पुढे येतो: सेवा म्हणजे झिजणं. सावित्रीबाई फुल्यांचं उदाहरण दिलं जातं. १८९७च्या प्लेगमध्ये त्यांनी एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं आणि त्याच साथीने १० मार्च १८९७ रोजी त्यांचा बळी घेतला. त्यांच्यापुढे मान झुकते. पण त्यांनी ते का केलं? कारण त्या मुलाला आणायला दुसरी काहीही सोय नव्हती आणि क्षणाचाही वेळ नव्हता. संकटाच्या घडीला एका असामान्य बाईने जे केलं, तीच रोजच्या ड्युटीची पद्धत म्हणून सव्वाशे वर्षांनंतरच्या रुग्णालयाने चालवावी का? सावित्रीबाईंच्या त्यागाचा आधार घेऊन सरकत्या चादरी, म्हणजे स्लाइड शीट, विकत न घेणं हा त्यांचा आदर नाही. ती प्रशासनाची पळवाट आहे.

आता याच पहिल्या मुद्द्यातला दुसरा प्रश्न, नर्सिंग म्हणजे काय? जे 'उचलणं' असं उत्तर देतात, त्यांनी एक रात्र वॉर्डात उघड्या डोळ्यांनी काढलेली नाही. आपल्याच जिल्ह्यातली कामं बघा. फुरसं चावलेला बागायतदार येतो. तो चालत येतो, बोलतो, दंशाची जागाही फार सुजलेली नसते. नळीत घेतलेलं रक्त वीस मिनिटांत गोठतं की नाही हे बघायचं, त्याच्या हिरड्यांतून रक्त येतं का, लघवी लाल झाली का, हे पुन्हा पुन्हा तपासायचं, प्रतिविष चालू असताना अंगावर पित्त उठतं का याकडे डोळा ठेवायचा. त्याचा जीव या नजरेवर वाचतो. पावसाळ्यात भाताच्या मळ्यातून तापाने फणफणलेला माणूस येतो. त्याचे डोळे लाल आहेत, पोटऱ्या दुखताहेत, लघवी कमी झाली आहे. हा लेप्टो असू शकतो, हे डॉक्टर राउंडला येण्याआधी सिस्टरच्या ध्यानात येतं. २०१६ साली दोडामार्गात माकडताप आला तेव्हा गावोगाव तापाचे रुग्ण शोधणं, नमुने पाठवणं, लोकांना लसीसाठी तयार करणं, यासाठी कोणाची कंबर लागत होती? लागत होती ती चिकाटी, माहिती आणि लोकांचा विश्वास.

बाळंतिणीची गादी हळूहळू भिजते आहे, हे पहिल्यांदा कोणाला कळतं? "बरं वाटताहा" म्हणणाऱ्या म्हाताऱ्याचा श्वास मिनिटाला अठ्ठावीसवर गेला आहे, हे कोण मोजतं? इन्सुलिनची मात्रा लिहिताना एक शून्य जास्त पडलं आहे, हे कोण पकडतं? ही नर्सिंगची हाडं आहेत. उचलणं हा त्यातला एक भाग आहे, आणि योग्य साधन असेल तर तो भाग जवळजवळ नाहीसा करता येतो. ही नजर मात्र कोणतंही यंत्र देत नाही. उचलण्याच्या कसोटीवर नर्स निवडणं म्हणजे या धंद्याचा सगळ्यात स्वस्त भाग मोजून सगळ्यात मौल्यवान भाग फेकून देणं आहे.

दरवर्षी १२ मे रोजी आपण जिच्या तसबिरीसमोर दिवे लावतो, त्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलचं आयुष्य तरी आठवावं. १८५५ साली क्रिमियात ती तापाने पडली. १८५७पासून ती दीर्घ आजारात गेली आणि १८६१च्या सुमाराला कण्याच्या वेदनांनी इतकी जखडली की पुढे काही वर्षं तिला चालता येत नव्हतं. हा आजार जुनाट ब्रुसेलोसिस असावा, असं मत १९९५ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये मांडलं गेलं. आता तिच्या कामांची वर्षं बघा. नर्सिंगवरचं तिचं प्रसिद्ध पुस्तक १८५९-६० या काळातलं. सेंट थॉमस रुग्णालयातली नर्सिंगची शाळा १८६०ची. हिंदुस्थानातल्या सैन्याच्या आरोग्यावरचा जो अहवाल १८६३ साली निघाला, त्यामागचं तिचं प्रचंड काम याच दुखण्याच्या वर्षांतलं. म्हणजे आधुनिक नर्सिंग जिने उभं केलं, तिनेच ते बरंचसं अंथरुणावरून उभं केलं. पाठीच्या कसोटीवर तिला आज आपल्या एखाद्या नर्सिंग शाळेत प्रवेश मिळाला असता का?

"ती मोठी बाई, तिचं वेगळं," असं म्हणणाऱ्यांसाठी दुसरं उदाहरण आपल्या देशातलं आहे. वेल्लोरच्या डॉ. मेरी वर्गीस १९५४ साली मोटार अपघातात कण्याला इजा होऊन कमरेखाली लुळ्या झाल्या. त्यानंतर चाकाच्या खुर्चीत बसून त्यांनी कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या, पुढे पुनर्वसनाचा विभाग उभा केला, आणि १९७२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. सर्जनसाठी ऑपरेशनचं टेबल खाली आणता येतं. मग नर्ससाठी खाट वर का आणता येत नाही? माझ्या मते याचं उत्तर वैद्यकशास्त्रात नाही. डॉक्टरच्या ज्ञानाला किंमत आहे असं आपण मानतो, नर्सकडे मात्र फक्त हातपाय आहेत असं समजतो. खरा आजार तो आहे.

आणि हे सांगायला वेल्लोरपर्यंत तरी कशाला जायचं? कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक तरुणपणीच कमरेखाली लुळ्या झाल्या. त्यांनी अपंगांसाठी संस्था उभारली, 'चाकाची खुर्ची' हे आत्मकथन लिहिलं, आणि त्यांच्या संस्थेची 'स्वप्ननगरी' आपल्याच सिंधुदुर्गात उभी राहिली. तिथे चाकाच्या खुर्चीतली माणसं काजू प्रक्रियेचं काम करतात. तिथे आधी माणूस बघितला गेला आणि कामाची जागा त्याच्या बेताने बसवली गेली. काजूच्या कारखान्याला जे सुचतं, ते माणसं बरी करणाऱ्या रुग्णालयाला सुचू नये?

दुसरा आक्षेप रुग्णाच्या सुरक्षेचा. तो मी हलका मानत नाही. नुकती दुखापत झाली आहे, पायात बधिरपणा वाढतो आहे, लघवीवरचा ताबा जातो आहे, अशा बाईने कामावर न येता तातडीने डॉक्टर गाठावा. यावर वाद नाही. पण त्यापुढे जाऊन रुग्ण पडतो कसा, ते बघू. रात्रपाळीला अख्खा वॉर्ड एका सिस्टरच्या हवाली असतो म्हणून रुग्ण पडतो. काखेत हात घालून ओढल्याने त्याचा खांदा दुखावतो, आणि चादरीवरून फरफटल्याने पाठीची कातडी सोलवटून जखमा होतात. हे सगळं धडधाकट नर्सकडूनही होतं, कारण दोष पद्धतीत आहे. स्लाइड शीट म्हणजे गुळगुळीत कापडाची एक चादर. ती वापरली तर नर्सची कंबरही वाचते आणि रुग्णाची कातडीही. आपली पाठ दुखावल्यामुळे जी नर्स कधीच एकटीने ओढाताण करत नाही, आधी मदत बोलावते, आधी चादर सरकवते, तिच्या हातात रुग्ण अधिक सुरक्षित आहे.

इथे मुंबईच्या केईएम रुग्णालयातली परिचारिका अरुणा शानबाग हिची आठवण ठेवावी. १९७३च्या नोव्हेंबरात तिच्यावर झालेल्या हल्ल्यानंतर १८ मे २०१५पर्यंत, एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ, केईएमच्या परिचारिकांनी तिला सांभाळलं. इतकी वर्षं अंथरुणात राहूनही तिला शय्याव्रण होऊ दिले नाहीत. तिच्याबद्दलच्या २०११च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या सेवेचा गौरव केला. ही सेवा कोणा एका बलदंड बाईच्या पाठीवर झाली का? ती पाळीवर पाळी, एका पिढीनंतर दुसरीने, वाटून घेऊन आणि नियम पाळून केली. शुश्रूषा अशीच होते.

यातच तिसऱ्या आक्षेपाचं उत्तर आहे. सहकाऱ्यांवर बोजा पडतो म्हणे. किनाऱ्यावरच्या माणसाने तरी हे म्हणू नये. रापण ओढताना सगळे एकाच जागी एकसारखा जोर लावतात का? कोणी दोर ओढतं, कोणी जाळं सावरतं, कोणी मासळी निवडतं, आणि वाटा सगळ्यांना मिळतो. इंडियन नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असं आहे. हे प्रमाण पाळलेला वॉर्ड या जिल्ह्यातल्या किती जणींनी पाहिला आहे? बाकीच्या सिस्टर दमतात त्या भरलेल्या खाटा आणि न भरलेल्या पदांमुळे. तो राग कमरेला पट्टा बांधून उभ्या असलेल्या सहकारिणीवर निघतो, कारण ती समोर असते आणि पदं अडवणारा समोर नसतो. तिला काढल्याने काय होणार? वॉर्डात आणखी एक जण कमी होईल, आणि पुढची कंबर जायची वेळ आणखी जवळ येईल.

शिवाय हा प्रश्न आता मेहेरबानीचा राहिलेला नाही, कायद्याचा आहे. २०१६चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७पासून लागू आहे. त्याच्या विसाव्या कलमानुसार सरकारी आस्थापनेने नोकरीच्या बाबतीत दिव्यांग व्यक्तीशी भेदभाव करायचा नाही, आणि तिला काम करता यावं म्हणून वाजवी सोयी पुरवायच्या आहेत. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर त्या कारणाने तिला काढता येत नाही, खालच्या पदावर आणता येत नाही. ते पद तिला झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं पद द्यायचं. ते नसेल तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य पदावर ठेवायचं. "चाळीस टक्के अपंगत्वाचं सर्टिफिकेट आहे का?" असं विचारून तोंड बंद केलं जातं. पण २०२१च्या विकास कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की वाजवी सोयींचा हक्क चाळीस टक्क्यांच्या अटीला बांधलेला नाही. चाळीस टक्के लागतात ते आरक्षणासाठी.

प्रवेशाच्या वेळी तर टक्केवारीचा अंमल आणखी कडक आहे. नर्सिंग कौन्सिलच्या नियमांत दिव्यांगांच्या राखीव जागांसाठी पायांच्या ४० ते ५० टक्के अपंगत्वाची चौकट आहे. पाठीची दुखापत झालेली मुलगी या चौकटीत कुठे बसणार? ती काय करू शकते, हे त्या आकड्याला ठाऊकच नाही. ऑक्टोबर २०२४मध्ये ओंकार गोंड प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की केवळ टक्केवारीवरून वैद्यकीय शिक्षणाचं दार बंद करता येणार नाही. हा विद्यार्थी हा अभ्यासक्रम पुरा करू शकतो की नाही, हे मंडळाने कारणांसह नोंदवायला हवं. ते प्रकरण एमबीबीएसचं होतं. पण जो न्याय डॉक्टर होऊ पाहणाऱ्याला, तो नर्स होऊ पाहणारीला का नको? दोघांचा रुग्ण तर एकच आहे.

यात सगळ्यात उघड्यावर आहे ती कंत्राटी सिस्टर. अकरा महिन्यांच्या आदेशावर काम करणारीला कोणी काढत नाही, तिचा आदेश फक्त पुन्हा निघत नाही. म्हणून ती दुखणं लपवते, गोळ्या खाऊन नाइट करते, पट्टा ॲप्रनच्या आत बांधते. दुखापत पहिल्याच दिवशी सांगितली असती तर जी बरी झाली असती, ती अशी लपवल्याने जुनी होते. पाठीला नालायकीचा शिक्का लावणारं मत अशा रीतीने स्वतःच मोडलेल्या पाठी तयार करतं.

चौथा मुद्दा तिच्या भल्याचा. याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. एमआरआयचा रिपोर्ट हातात घेऊन, त्यातले 'डिस्क बल्ज' हे दोन शब्द वाचून, बाविशीतल्या मुलीचं आयुष्य ठरवलं जातं. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात पाठ अजिबात न दुखणाऱ्या तीन हजारांवर माणसांची चित्रणं तपासली गेली. विशीतल्या ३० टक्के लोकांत चकती फुगलेली दिसली, आणि ऐंशीच्या घरातल्यांत ८४ टक्के. दुखणं मात्र कोणालाच नव्हतं. चित्रात दिसणारी चकती आणि माणसाची कामाची ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जगात २०२० साली ६१ कोटी ९० लाख माणसं कंबरदुखीने त्रस्त होती. या सगळ्यांना घरी बसवायचं ठरवलं तर कामावर कोण उरेल? आजचं वैद्यकशास्त्र कंबरदुखीवर अंथरूण धरायला सांगत नाही. शक्य तितकं हलतं राहा, व्यायाम करा, काम बेताने चालू ठेवा, असं सांगतं. ज्यांच्या दुखापतीला खरोखर शस्त्रक्रिया किंवा मोठी विश्रांती लागते त्यांना ती मिळावीच. पण त्यानंतर परत येण्याचं दार उघडं हवं.

आणि 'घरी बसव' म्हणजे नेमकं कुठे बसव? मालवणातल्या घरात बाई बसते का? विहिरीवरून दोन कळश्या कोण आणतं? चुलीसाठी लाकडं कोण उचलतं? बाजाराच्या दिवशी डोक्यावर मासळीची पाटी कोणाच्या असते? अर्धांगाने पडलेल्या सासूला दिवसातून चार वेळा कुशीवर कोण वळवतं, तिची चादर कोण बदलतं? तीच, जिला वॉर्डात झेपणार नाही म्हणून तुम्ही घरी पाठवलीत. घरी तिला मदतीला दुसरी सिस्टर नाही, ट्रॉली नाही, सुट्टी नाही आणि पगारही नाही. तिच्या पाठीची काळजी नोकरीच्या वेळीच का जागी होते आणि विहिरीच्या काठावर का झोपी जाते? मला दिसतं ते एवढंच की तिच्या कष्टाबद्दल कोणाची तक्रार नाही. तक्रार आहे ती त्या कष्टाचे पैसे तिच्या खात्यात जमा होण्याबद्दल.

उरला शेवटचा, न बोललेला मुद्दा: मुली पुष्कळ आहेत. या जिल्ह्यात? २००१ साली सिंधुदुर्गात ८ लाख ६८ हजार ८२५ माणसं होती, २०११च्या जनगणनेत ८ लाख ४९ हजार ६५१ उरली. तरुण माणसं मुंबईला, पुण्याला, गोव्याला जातात आणि म्हातारी माणसं घर राखतात. शिकलेली नर्स तर पहिली संधी मिळताच बाहेर पडते. ओरोसला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झालं, पडव्याला खासगी झालं, तरी गंभीर रुग्ण घेऊन गोव्यात बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजकडे धावणाऱ्या रुग्णवाहिका थांबलेल्या नाहीत. ज्या जिल्ह्याचं वय वाढतं आहे आणि हात कमी होताहेत, त्याने दहा-पंधरा वर्षांचा अनुभव असलेली सिस्टर एका चकतीपायी घालवावी? जी गावातल्या प्रत्येक घरातला साखरेचा आणि रक्तदाबाचा रुग्ण नावाने ओळखते, जिच्या शब्दावर बाळंतीण वेळेत दवाखान्यात येते, ती सिस्टर कोणत्याही रांगेत उभी नसते. ती घडायला वर्षं लागतात.

करायचं काय, हे काही गूढ नाही. प्रत्येक वॉर्डात स्लाइड शीट असाव्यात, आणि जिल्हा व उपजिल्हा रुग्णालयांत उंची बदलणाऱ्या खाटा आणि रुग्ण उचलण्याचं यंत्र असावं. एकट्या नर्सने रुग्ण उचलू नये, हा लेखी नियम हवा. दुखापत झालेल्या परिचारिकेची नेमणूक ओपीडी, लसीकरण, मधुमेह-रक्तदाबाचं क्लिनिक, संसर्ग नियंत्रण, अतिदक्षतेतलं मॉनिटरिंग, समुपदेशन, शिकवणं यांपैकी तिच्या कौशल्याला साजेशा जागी व्हावी, आणि ती शिक्षा म्हणून होऊ नये. प्रवेशाच्या वेळी टक्के न मोजता काय जमतं ते तपासावं. कामावर झालेली दुखापत कामावरची म्हणूनच नोंदवावी, आणि हे संरक्षण कंत्राटी सिस्टरलाही मिळावं. यातली एकही मागणी अशक्य नाही. अडलं आहे ते फक्त तिच्या पाठीपेक्षा आपल्याला असलेली तिची गरज मोठी मानण्यापाशी.

म्हणून पुन्हा एकदा, स्पष्ट सांगते. पाठीला दुखापत झालेली बाई नर्स होऊ शकते, नर्स राहू शकते आणि उत्तम नर्स असू शकते. माणसाने माणसाला उचलणं हे कोणत्याच पाठीचं काम नाही. ते काम बाईच्या माथी मारणारी व्यवस्था सदोष आहे, आणि आपणच मोडलेल्या बाईला नालायक म्हणण्याचा अधिकार त्या व्यवस्थेला नाही. ही बाई दया मागत नाही. ती आपलं काम मागते आहे, ते नीट करायला साधनं मागते आहे, आणि कायद्याने दिलेलं आपलं पद मागते आहे. यापुढे तिला "झेपाचा नाय" म्हणणाऱ्याने आधी आपल्या वॉर्डात कोणती साधनं नाहीत, किती पदं रिकामी आहेत आणि ती का रिकामी आहेत, याचा हिशेब द्यावा. तो हिशेब येईपर्यंत तिला घरी पाठवण्याचा अधिकार कोणालाही नाही.